‘दाढ’ खोडून ‘राब’

‘आपला शेतकरी अडाणी आहे हो’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. म्हणणारा माणूस बहुधा शेतकऱ्यालाच काहीतरी विकून आलेला असतो. मी त्याला विचारते, कुठला कागद दिला होता तुम्ही त्याला? त्यावर काय लिहिलं होतं? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारलेला आहे, म्हणून तो दुसऱ्याला विचारायचा हक्क मी घेते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. मी एकोणीस वर्षांची होते, महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बाबा बाजारपेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मालक थकलेले, त्यामुळे छापखाना जवळजवळ बाबांच्याच अंगावर होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर तो चालायचा, पण बाबांचा जीव होता पत्रकांत. रेशनला तांदूळ आला नाही, काढा पत्रक. कारखान्याचं पाणी नदीत सोडलं, काढा पत्रक. पिवळ्या आणि गुलाबी कागदावरचे ते मजकूर वाचत मी मोठी झाले. शाळेच्या पुस्तकात शेतकरी नेहमी आनंदी असायचा आणि बाबांच्या पत्रकात नेहमी चिडलेला. मला दुसरा जास्त खरा वाटे. पंधराव्या वर्षापासून बाबांची पत्रकं मीच लिहायला लागले.

त्या वर्षी चैत्रात बाजारपेठेतल्या खताच्या दुकानात एक नवा माल आला. काळे, ज्वारीएवढे दाणे, पाच किलोच्या चकचकीत पिशव्यांत. समुद्रातलं शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क यांपासून केलेले. पिशवीवर ‘जैवउत्तेजक’ असा शब्द होता. दुकानात त्याला टॉनिक म्हणत, आणि गावात पोचेपर्यंत त्याचा ‘काळा दाणा’ झाला. पिकाला खत हे अन्न, आणि हा दाणा म्हणजे अन्न नव्हे. तो मातीत पडला की मुळं जास्त धरतात आणि मग जे काही अन्न मातीत असेल ते पिकाला जास्त लागतं. एवढं मला दुकानवाल्या चाचांनी सांगितलं. चाचांचे दोन भाऊ आखातात, हे एकटेच इथे दुकान धरून बसलेले. गिऱ्हाइकाला जे सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगायची त्यांना खोड.

“बेटा, दाणा बरा आहे,” ते म्हणाले. “पण उपाशी माणसाला टॉनिक दिलं तर तो काय नाचणार आहे?”

कंपनीच्या साहेबांना मात्र तो नाचेल याची खात्री होती. साहेब पुण्याचे, तिशीतले, मोटारसायकलवरून फिरणारे. ते छापखान्यात पत्रकाचा मजकूर घेऊन आले. मजकूर मी वाचला आणि म्हणाले, हे कोणाला कळणार? ‘रोपवाटिकेतील मृदेत पेरणीपूर्व मिश्रण करावे.’ आमच्याकडे भाताला रोपवाटिका नसते.

“मग तुम्ही लिहा ना, मॅडम,” ते म्हणाले. “लोकल टच द्या.”

मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस. मी लगेच लिहायला बसले.

इथे दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळं त्यांच्यावरच फिरलं. भाताचं रोप ज्या तुकड्यात आधी वाढवतात त्याला आमच्याकडे दाढ म्हणतात. आणि त्या दाढीवर उन्हाळ्यात शेण, पातेरा, झाडाच्या फांद्या, गवत असा जो थर रचतात आणि पेटवून देतात, तो राब. राब भाजला की जमीन तापते, तण मरतं, मग पाऊस लागला की तिथे भात पेरतात. खाली महाडच्या बाजूला, दासगावकडे, लोक सैल बोलतात. जागेलाही राब म्हणतात आणि थरालाही. वर पोलादपूरच्या डोंगरात तसं नाही. तिथे दाढ ती दाढ आणि राब तो राब. हे मला माहीत होतं. माझी आत्या कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत राहायची, आणि लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मी तिच्याकडे काढल्या होत्या.

म्हणून मी लिहिलं, ‘भात पेरण्याआधी काळा दाणा दाढीत मिसळावा.’

साहेबांनी वाचलं आणि हसायला लागले. खळखळून, टेबलावर हात आपटून.

“दाढीत? अहो मॅडम, लोक गालाला लावून बसतील! दाढी वाढली म्हणून कंपनीला पत्रं येतील!”

मशीनवरचा माणूसही हसला. बाबा तेव्हा कागद आणायला गेले होते. माझे कान तापले. दाढ हा शब्द महाडपासून पोलादपूरपर्यंत शेकडो वर्षं बोलला गेला असेल, पण पुण्याचा एक माणूस हसला आणि तो मला गावंढळ वाटायला लागला. मी, जी अन्यायाविरुद्ध पेटून उठा असं गुलाबी कागदावर छापत होते! मी पेन्सिल घेतली, ‘दाढीत’ खोडलं आणि वर ‘राबात’ लिहिलं.

“हां, राब. हे ऐकलंय मी,” साहेब म्हणाले. आणि खाली स्वतःच्या हाताने त्यांनी एक ओळ घातली: ‘हे वापरल्यास युरिया निम्मा करावा. खर्च कमी, उत्पन्न जास्त, नफा हमखास.’

त्या ओळीवरही मी काही बोलले नाही. नफा हा शब्द डोंगरातल्या भातशेतीला लावायचा म्हणजे काय, हेसुद्धा विचारलं नाही. वरच्या वाडीत भात कोणी विकत नाही. तिथे पीक कसं आलं ते महिन्यात मोजतात. भात आषाढापर्यंत पुरलं तर वर्ष बरं, होळीलाच संपलं तर वाईट. पण बिनकामाच्या ठिकाणी मी गप्प बसत नसे आणि कामाच्या ठिकाणी बसले.

परीक्षा होती म्हणून मी वाडीवर गेले नाही. जीपवाल्याबरोबर पत्रकांचा गठ्ठा आत्याकडे पाठवला आणि चिठ्ठी लिहिली: ‘चांगला माल आहे. मी स्वतः लिहिलंय.’

आत्याबद्दल एक गोष्ट सांगते. नवरा तरणाताठा गेल्यावर तिने एकटीने सात खाचरं सांभाळली. खाचर म्हणजे डोंगराच्या उतारावर बांध घालून केलेला भाताचा तुकडा. तिच्या घरात मडक्यामडक्यांत बी असायचं. कुठल्या खाचराला कुठलं बी लागेल, पाणी कुठे टिकेल, हे वाडीतल्या बायका तिला विचारून ठरवत. पुरुष विचारत नसत. ते बायकांना पाठवत. वाडीत तिला दुसरं काही नव्हतं, ना मुलगा ना पुढारीपण. तिचा शब्द होता, तेवढाच. आणि त्या उन्हाळ्यात तिने तो माझ्या कागदामागे लावला. चिंचेखाली बसून तिने वाडीला पत्रक वाचून दाखवलं, अक्षर अक्षर लावत. अकरा घरांनी काळा दाणा आणला.

श्रावण लागता लागता तिचा निरोप आला. ‘येऊन जा. कागद बघायला ये.’

मला वाटलं, पीक बघायला बोलावतेय. पोलादपूरहून जीपने गेले आणि पुढे चिखलातून चालत. वाडीच्या वरच्या वळणावरून खाचरं दिसली. लावणी होऊन महिना झाला होता. त्या दिवसांत तो उतार डोळ्यात भरेल इतका हिरवा असायला हवा. तो पिवळट होता. सगळा नाही, ज्या चार घरांनी दाणा घेतला नव्हता त्यांचे तुकडे हिरवे होते, आणि मधे मधे आमचे अकरा घरांचे, कावीळ झाल्यासारखे.

आत्या बांधावर उभी होती, डोक्यावर पावसासाठी पानांचं इरलं. शेजारीण तिच्याबरोबर होती.

“आलीस? बघ तुझा कागद कसा पिकलाय तो.”

“आत्या, काळा दाणा टाकला होता ना?”

“टाकला म्हंजे! कागदात हाय तसा टाकला. राबात मिसळला, वरनं माती दाबली आन दिला पेटवून.”

“पेटवला?”

“मग? राब पेटवायचा नाय तर काय पुजायचा?”

“वास मातर झकास आला हो,” शेजारीण म्हणाली. “सुकट भाजल्यावानी. माझी मांजर दोन दिवस दाढीवरनं हलंना.”

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती खोडलेली ओळ आली. पेरण्याआधी राबात मिसळावा. डोंगरात पेरण्याआधी राबाचं एकच करतात.

“आणि युरिया?” मी विचारलं.

“निम्मा. तुझ्या कागदात हाय.”

दाणा जळून राख झाला, हे एक वेळ चाललं असतं. नुसतीच पिशवी वाया गेली असती. पण जळलेल्या दाण्याच्या भरवशावर अकरा घरांनी युरियाही निम्मा केला होता. रोपाला ना टॉनिक, ना जेवण.

मी आत्याला सांगितलं. माल मातीत मिसळायचा होता, आगीत घालायचा नव्हता. मी आधी दाढ लिहिलं होतं.

ती माझ्याकडे वळली. “म्हंजे तुला दाढ ठाऊक व्हती.”

“होती.”

“मग?”

“साहेब हसला. दाढीत म्हटलं तर हसला.”

“आन तू खोडलंस.”

तिने आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेजारणीने तोंड दुसरीकडे केलं आणि बांधावरचं गवत उपटायला लागली.

“कोण हसला गो तो?” आत्या म्हणाली. “त्याला भात येतो लावता? आन त्याच्या हसण्याला लाजून तू माझा शब्द बुडवलास. चल. जे मला बोललीस ते चिंचेखाली सगळ्यांना बोल.”

मी बोलले. पावसाची झिमझिम चालू होती, माणसं पोती डोक्यावर घेऊन उभी होती. सभांमध्ये बोलायची मला सवय होती, पण तिथे मी नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी गुन्हा सांगत असे. स्वतःचा सांगताना माझी वाक्यं तुटत होती.  मग एक जण म्हणाला, “म्हंजे आमी आगीला टॉनिक पाजलाव म्हणायचा.” थोडे हसले. दुसरा म्हणाला, “पोरगी महाडात शिकली, आन आत्या हितं नापास झाली.” त्यावर जास्त हसले, आणि हसताना आत्याकडे बघून हसले. ते मला विसरता येत नाही.

एक म्हातारे तेवढे पुढे आले. “झालं ते झालं. आता काय करायचं ते बोल, बाय. पोटरीत यायला अजून पंधरा-वीस दिवस हायत.” पोटरी म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी भाताच्या ताटाला येतो तो फुगीरपणा. त्याआधी युरिया मिळाला तर रोप सावरू शकतं. नंतर टाकला काय, न टाकला काय.

दुसऱ्या दिवशी महाडला उतरले ती थेट चाचांच्या दुकानात. ऐकून घेताना त्यांनी कपाळाला हात लावला.

“मी त्या साहेबाला बोललो होतो, पाऊस बघून बोल. डोंगरात निम्मा युरिया तसाही पाणीच नेतं. त्याचा पुन्हा निम्मा केला तर पिकाने काय खायचं?” मग म्हणाले, “वाडीत न फोडलेल्या पिशव्या असतील त्या परत आण आणि बदल्यात युरिया ने. राहिलं ते मी आणि कंपनी बघून घेऊ. आणि शनिवारी हॉलवर ये. साहेबांचा मेळावा आहे.”

युरियाची जीप शुक्रवारी वर गेली. शनिवारी मी हॉलवर गेले.

मेळावा म्हणजे पन्नास-साठ शेतकरी, चहा, वडे, आणि पुढे एक फळा. साहेबांनी दासगावच्या रस्त्यालगतच्या प्रात्यक्षिक प्लॉटचे मोठे फोटो लावले होते. हमरस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा तो प्लॉट. भात कमरेएवढं, काळंभोर हिरवं. साहेबांनी मुळांची चित्रं काढली, मातीतले जिवाणू समजावले. ते बरोबरच सांगत होते, हे मी आजही म्हणेन. मग कोणीतरी विचारलं, वर डोंगरात पिवळं पडलंय म्हणतात, ते कसं?

साहेब हसले. तेच हसणं, फक्त या वेळी टेबल नव्हतं.

“आता काय सांगायचं! डोंगरातल्या आपल्या बांधवांनी माल जाळला. हो, चक्क जाळला! पिकाऐवजी आगीला दिला. अशा अडाणीपणाला कंपनी काय करणार?”

हॉल हसला. मी उठले. 

“त्यांनी कागदात लिहिलं होतं तेच केलं,” मी म्हणाले. “कागद मी लिहिला. आधी दाढ लिहिलं होतं. तुम्ही हसलात म्हणून मी राब केलं. ते माझं पाप. पण युरिया निम्मा करा ही ओळ माझी नाही, ती तुमच्या हातची आहे. कुठल्या जमिनीत, किती पावसात निम्मा, ते तुम्ही लिहिलं नाहीत. ज्याचं भात पिवळं पडलंय तो अडाणी, आणि ज्यांनी ते पाडलं ते आपण दोघं इथे वडे खातोय.”

“मॅडम, भावनेच्या भरात बोलू नका,” साहेब म्हणाले. “रिझल्ट समोर आहे. हा दासगावचा प्लॉट बघा. आमच्या मालाची कमाल आहे ही. प्लॉटचे शेतकरीदादा इथेच बसलेत. सांगा, दादा.”

प्लॉटवाले दादा उठले. चांगला जाडजूड, आनंदी माणूस, मेळाव्यासाठी पांढरी टोपी घालून आलेला.

“माल एकदम फस्क्लास,” ते म्हणाले. “मी तर बोलतो सगळ्यांनी घ्यावा.”

“आणि युरिया किती टाकला, दादा?” चाचा मागून म्हणाले. त्यांचा आवाज इतका साधा होता की दादांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

“पुरा!” दादा अभिमानाने म्हणाले. “निम्मा कशाला टाकू? साहेब सोता बोलले, दादा, प्लॉटला हात आखडू नका, पुरा टाका, वर शेणखत घाला, लोक बघणारेत. मी काय साहेबांचा शब्द मोडीन?”

 मग कोणीतरी मागून ओरडलं, “वा रे साहेब! तुमच्या प्लॉटला जेवण आन आमच्या प्लॉटला टॉनिक!” आणि गोंधळ झाला. दादा बिचारे अजून उभेच होते, आपलं काय चुकलं ते शोधत.

साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, प्रात्यक्षिकाच्या अटी वेगळ्या असतात. मला ते वाक्य पाठ आहे. तेव्हापासून कितीतरी ठिकाणी मला ते ऐकू आलंय, वेगवेगळ्या तोंडांतून. दाखवायच्या शेताच्या अटी वेगळ्या, आणि पिकवायच्या शेताच्या वेगळ्या.

मी तडक छापखान्यात गेले आणि बाबांना म्हणाले, पत्रक काढायचंय. त्यांनी सगळं ऐकलं. डोळे चमकले. “काढूया. कंपनीचा बुरखा फाडूया. मथळा मी सुचवतो.”

“मथळा मी लिहिलाय,” मी म्हणाले आणि कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, ‘आमची चूक.’ खाली, राबात असं छापलं ते चुकीचं होतं. काळा दाणा आगीत जळतो. राब भाजून झाल्यावर, पेरताना तो दाढीतल्या मातीत किंवा लावणीच्या चिखलात घालावा. युरिया कमी करू नये. मग कंपनीच्या प्लॉटची हकिकत. शेवटी, लिहिणारी मी, छापणारा हा छापखाना.

बाबांनी चष्मा काढला. “हे काय? पत्रकात मागणी असते. माफी नसते.”

“या वेळी असेल.”

“अगं, चूक आपली असं आपणच छापलं तर साहेब सुटला! तो हेच पत्रक नाचवेल. तुझं नाव कशाला? छापखान्याचं कशाला? लोक उद्या आपल्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवणार नाहीत.”

“आत्यावर आज ठेवत नाहीयेत,” मी म्हणाले.

आम्ही खूप भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना ते भ्याले असं म्हणाले. ते उठून बाहेर गेले. त्यांनी खिळ्याला हात लावला नाही. मीच उभी राहून मजकूर जुळवला. ‘दाढीत’ हा शब्द लावताना हात काळे झाले तरी मुद्दाम मोठ्या टायपात लावला. बाबा परत आले तेव्हा मशीन चालू होतं. त्यांनी एक प्रत उचलून वाचली, ‘युरिया’तला ऱ्हस्व-दीर्घ तपासला आणि गठ्ठे बांधायला बसले.

तो गठ्ठा घेऊन मी वर गेले. आत्याने पत्रक घेतलं, उलटसुलट केलं. “हा तरी खरा हाय काय?”

“खरा आहे.”

“बरा. पर वाडीत वाटू नको. वाडीत कागदाचं नाव काढशील तर चूल पेटवतील त्यानं. खालच्या गावांत वाट.”

युरिया वेळेत पडला होता. खालची चार खाचरं, जिथे पाणी आणि माती टिकते, ती सावरली. वरची तीन सावरली नाहीत. कापणीला मी गेले होते. वरच्या खाचरातल्या लोंब्या हातात घेतल्या तर हलक्या, निम्मे दाणे पोचट. झोडणी झाल्यावर आत्याने वारं दिलं, आणि सुपातून जेवढं खाली पडलं त्यापेक्षा जास्त उडून गेलं. इतरांचंही असंच. त्या वर्षी बहुतेक घरांचं भात माघातच संपलं आणि लोक नाचणीवर आले. कोणी भांडायला आलं नाही. फक्त पुढच्या वैशाखात बी विचारायला आत्याकडे कोणी आलं नाही. मडकी होती तशी भरलेली राहिली.

आत्याकडे काळ्या दाण्याची एक फोडलेली पिशवी उरली होती, म्हणून ती चाचांकडे परत गेली नव्हती. तिने ती फेकली नाही. पुढच्या पावसात तिने वरच्या, एकमेकांना लागून असलेल्या दोन खाचरांत एकच बी लावलं, दोन्हींत सारखं शेणखत, दोन्हींत पुरा युरिया. एकात लावणीच्या चिखलात काळा दाणा घातला, दुसऱ्यात घातला नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

भादव्यात फरक दिसायला लागला. डोळ्यात भरेल असा नव्हता, बांधावर उभं राहून नीट बघितलं तर दिसे. दाण्याच्या खाचरात फुटवे थोडे जास्त, रंग जरा गडद. पत्रकात लिहिलं होतं तसं काही नव्हतं, पण काहीतरी होतं, आणि वरच्या भुकेल्या जमिनीत ते काहीतरी म्हणजे महिनाभराचं भात. माझा संताप तेव्हा खरा चढला. माल वाईट असता तर सोपं होतं. तो चांगला होता, थोडासा चांगला. तेवढंच खरं सांगितलं असतं तर अकरा घरांनी तेवढंच घेतलं असतं आणि टिकवलं असतं. थोडं चांगलं विकता येत नाही म्हणून त्यांनी खोटं मोठं केलं, आणि मी त्याला चांगल्या मराठीत छापलं.

“मी लिहिते,” मी आत्याला म्हणाले. “दोन खाचरांची गोष्ट. मोजून, नीट.”

“नको. तू लिवू नको. ज्याला बघायचं त्यानं शेतात यावं.”

सगळ्या वाडीची कापणी झाली. आत्याने पाच खाचरं कापली आणि ती दोन उभी ठेवली. भात पिकून वाकलं, दाणे गळायला लागले. मी म्हणाले, आत्या, काप, रोज नुकसान होतंय. ती म्हणाली, “व्हऊ दे.” पहाटे उठून ती पाखरं हाकायची आणि दिवसभर बांधावर बसायची. पाणवठ्याची वाट तिथूनच जाते. माणसं जायची, मान खाली घालून. आम्ही कंपनीला निरोप पाठवला होता की येऊन बघा. कळलं की साहेब आता दुसऱ्या कंपनीत आहेत आणि माणगावच्या बाजूला दुसरं काहीतरी विकतात.

सहाव्या दिवशी शेजारीण आली, तिच्याबरोबर वाडीतली आणखी एक बाई. बांधावर उभ्या राहिल्या. लोंबीला दोघींनी हात लावला नाही. शेजारीण खाली उतरली, दाण्याच्या खाचरातला भाताच्या ताटांचा एक चूड मुळासकट उपटला, मग पलीकडच्या खाचरातला एक. डबक्यात दोन्ही धुतले आणि शेजारी शेजारी धरून बघत राहिली.

“मुळ्या बऱ्या हायत,” ती म्हणाली.

 दोघी गेल्या. गेल्यावर आत्याने विळा मागितला, आणि आम्ही उरलेलं भात कापायला घेतलं.